पाइप बँडचा इतिहास जुळवताना

गावच्या पाइप बँडचा, म्हणजे बॅगपाइप आणि ढोल वाजवणाऱ्या पथकाचा, इतिहास लिहायचं ठरलं की पहिल्याच बैठकीत दोन गोष्टी पुढे येतात: जिंकलेल्या ढाली-चषकांची यादी आणि स्थापनेचं साल. स्कॉटलंडमधल्या एका जुन्या बँडचं दप्तर लावताना आमचं मत पक्कं झालं, की या दोन्ही बाजूला ठेवूनच कामाला लागावं. चषकांच्या यादीवरून बँड कधी चांगला वाजवत होता एवढंच कळतं, तो टिकला कसा हे कळत नाही. स्थापनेचं साल तर या कामातलं सगळ्यात निसरडं साल, ते अगदी शेवटी हाती घ्यावं.

सुरुवात जमाखर्चाच्या वहीपासून. सभेच्या इतिवृत्तात सचिवाला जे लिहावंसं वाटलं ते असतं, वहीत पैसा खरोखर कुठे गेला ते असतं. चँटर म्हणजे बॅगपाइपची बोटांनी सूर वाजवायची नळी. तिची रीड, म्हणजे थरथरून आवाज काढणारी जीभ, बोरूच्या दोन पात्यांची असते. ओलाव्याने, उष्णतेने ती लवकर बिघडते, म्हणून डझनांनी मागवावी लागते. एका हंगामात किती डझन आल्या त्यावरून पाइप वाजवणारे किती होते याचा अंदाज बांधता येतो. आकडा एकदम निम्म्यावर आला तर त्या वर्षाच्या इतिवृत्तात राजीनामे शोधायचे. ढोलांसाठी वासराच्या कातड्याची खरेदी वर्षानुवर्षं दिसते आणि मग थांबते. प्लास्टिकची पानं 1957 नंतर बाजारात आली, त्यामुळे ही नोंद जिथे थांबते ते साल फोटोंची तारीख लावताना उपयोगी पडतं. बसच्या भाड्याची नोंद तर सोडूच नये. बक्षीस मिळालं नाही अशा स्पर्धेचा उल्लेख इतिवृत्तात बहुधा नसतो, पण बसवाल्याला पैसे दिलेलेच असतात. बँड खरोखर कुठे कुठे गेला याची यादी त्यातूनच तयार होते.

वहीतली सगळ्यात मोठी रक्कम किल्टची, म्हणजे वादक कमरेला नेसतात त्या चुणीदार वस्त्राची. एका किल्टला साधारण 8 यार्ड कापड लागतं, म्हणजे पुऱ्या बँडचा संच ही कित्येक वर्षांची पुंजी. त्याआधीच्या पानांवर सोडती, विक्रीमेळे, दारोदार मागितलेली वर्गणी अशा नोंदी दाटीने येतात. कोळशाच्या खाणींच्या पट्ट्यात काही बँडांना कामगारांच्या पगारातून दर आठवड्याला थोडी रक्कम मिळत असे. 1947 मध्ये एडिंबरात पहिलं जागतिक अजिंक्यपद झालं, ते फाइफमधल्या बोहिल कोलिअरीच्या (कोळशाच्या खाणीच्या) बँडने जिंकलं. खाण बंद पडली की वहीतली ही ओळ गायब होते. पुढच्या दोन-तीन वर्षांत बँडने काय विकलं, कोणाकडे हात पसरले, नाव बदललं का, हे बारकाईने पाहावं. बँडच्या इतिहासातला खरा कसोटीचा काळ तिथे सापडतो, आणि स्मरणिकांमध्ये नेमकी तीच वर्षं एका वाक्यात उरकलेली असतात.

मग फोटो. फोटो हातात आल्यावर तारखेच्या आधी तो सुलटा छापला आहे का ते पाहायचं. पाइपर पिशवी डाव्या काखेत धरतो, ड्रोन, म्हणजे सतत एकच सूर धरणाऱ्या लांब नळ्या, डाव्या खांद्यावर टेकतात आणि चँटरवर डावा हात वर असतो. किल्टच्या पुढच्या सपाट पडद्याची मोकळी कड नेसणाऱ्याच्या उजव्या अंगाला येते, पिनही तिथेच लावतात. सगळ्यांचे ड्रोन उजव्या खांद्यावर आणि सगळ्यांच्या पिना डावीकडे दिसल्या तर निगेटिव्ह उलटी ठेवून छापली आहे. मग मागच्या बाजूला लिहिलेला नावांचा क्रमही संशयास्पद होतो, कारण तो कोणत्या प्रतीवरून लिहिला ते ठाऊक नसतं. एकाच माणसाचे ड्रोन उजवीकडे आणि पिना मात्र सगळ्यांच्या जागच्या जागी, असं असेल तर तो डावखुरा वादक. जुन्या फोटोंच्या ढिगात अशा माणसाचा फार आधार होतो. एका फोटोत त्याचं नाव पक्कं झालं की इतर फोटोंत चेहरा पुसट असला तरी तो सापडतो.

टार्टन, म्हणजे किल्टच्या कापडावरची रंगीत पट्ट्यांची चौकट, ओळखताना घाई नडते. 1920 च्या दशकापर्यंतच्या बहुतेक प्लेट आणि फिल्म लाल रंग जवळपास टिपतच नसत. लाल काळा उमटे आणि निळा फिकट. त्यामुळे रॉयल स्टुअर्टसारखा लालभडक टार्टन काळपट दिसतो आणि पाहणारा तो हिरव्या-निळ्या गडद टार्टनपैकी एखादा समजतो. रंगछटेवर विसंबू नये. भिंगाखाली पट्टे मोजावेत: एका चौकटीत बारीक रेघा किती, जाड पट्ट्यापासून त्या किती अंतरावर, दुहेरी आहेत की एकेरी. ही मोजणी टार्टनच्या नोंदणीतल्या धाग्यांच्या आकड्यांशी ताडून पाहता येते. मागच्या चुण्याही पाहाव्यात. चुण्या घातल्यावर टार्टनची पूर्ण चौकट पुन्हा जुळावी अशी एक पद्धत आहे, आणि प्रत्येक चुणीवर एकच पट्टा यावा अशी दुसरी. दुसरी पद्धत लष्करी वळणाची. एकाच बँडच्या एकाच टार्टनमध्ये दोन्ही तऱ्हा दिसल्या तर किल्टचे दोन संच वेगवेगळ्या वेळी शिवलेले असावेत, मग वहीत दोन खरेद्या शोधायच्या.

ढोलांवरून काळ आणखी जवळ येतो. दोरी आणि चामड्याच्या सरकत्या पट्ट्यांनी ताणलेला साइड ड्रम जुना. धातूचे दांडे आणि स्क्रू आले ते नंतर. अतिशय घट्ट ताणाचे, कृत्रिम तंतूंच्या पानांचे आजचे ढोल विसाव्या शतकाच्या शेवटच्या काळातले. मात्र गरीब बँडकडे जुने ढोल फार वर्षं टिकत. म्हणून ढोलावरून ‘यापूर्वीचा फोटो नाही’ एवढंच म्हणता येतं, ‘यानंतरचा नाही’ असं कधीच म्हणू नये. बास ड्रमवर रंगवलेल्या सालावर तर अजिबात भरवसा ठेवू नये. ते पुढच्या कुठल्या तरी वर्धापनदिनाला रंगवलेलं असू शकतं. त्यापेक्षा ढोलाच्या आत डोकवावं. पान उतरवताना समोरासमोरचे स्क्रू जोडीजोडीने, एका वेळी अर्धा फेरा, असे सैल करावेत. एकाच बाजूचे आधी सोडले तर जुनं लाकडी कडं वाकतं आणि परत बसत नाही. आत बनवणाऱ्याचं लेबल किंवा दुरुस्ती करणाऱ्याने पेन्सिलने लिहिलेली तारीख सापडते. ती कोणी मिरवण्यासाठी लिहिलेली नसते, म्हणूनच तिला जास्त वजन द्यावं.

पाइपांची तपासणी वेगळी आणि जास्त अवघड. बनवणाऱ्याचा शिक्का बऱ्याचदा चँटरवर असतो आणि ड्रोनवर नसतो. ‘आपले पाइप ग्लासगोच्या हेंडरसनचे’ किंवा ‘लॉरीचे’ असं पिढ्यान्‌पिढ्या सांगितलं जातं ते या शिक्क्याच्या जोरावर. पण चँटर हाच सगळ्यात जास्त वेळा बदललेला भाग. कारण सुराची पट्टी. लो ए हा चँटरचा आधारस्वर लिहिताना ए लिहितात, पण गेल्या शंभर वर्षांत तो चढत गेला आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला तो 450 हर्ट्झच्या आसपास होता असं मानतात, आज स्पर्धेतले बँड 480 च्या आसपास लावतात, म्हणजे बी फ्लॅटच्याही वर. सगळ्या पाइपरांचा सूर एक यायचा तर चँटर एकाच घडणीचे लागतात. त्यामुळे बँडने पट्टी चढवली की चँटरचा अख्खा संच बदलतो आणि ड्रोन तेच राहतात. जुन्या चँटरवरचा शिक्का ड्रोनच्या नावावर खपवू नये. ड्रोनची ओळख घडणीवरून होते: मण्यांसारख्या गोल कड्यांची जाडी, दात्यांच्या हत्याराने कोरलेल्या रेघांतलं अंतर, आतल्या भोकाचं माप. ही मापं तिन्ही ड्रोनची घ्यावीत. दोन टेनर (आखूड ड्रोन) एका हातचे आणि बास (लांब ड्रोन) दुसऱ्याचा, असे जुळवलेले संच अजिबात दुर्मीळ नाहीत.

चांदीच्या कड्यांवर हॉलमार्क असेल तर त्यातल्या अक्षरावरून साल कळतं, पण ते कड्याचं साल, पाइपाचं नव्हे. कडी मागाहून बसवलेली असू शकतात. पांढरे भाग हस्तिदंताचे की नकली तेही ठरवून ठेवावं. खऱ्या हस्तिदंताच्या आडव्या छेदात एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेघांची जाळी दिसते. सेल्युलॉइडसारख्या नकली पदार्थात दिसल्या तर समांतर रेघा दिसतात. हा निव्वळ हौसेचा प्रश्न नाही. 2018 चा हस्तिदंत कायदा ब्रिटनमध्ये 2022 पासून लागू आहे. 1975 पूर्वीचं आणि 20 टक्क्यांहून कमी हस्तिदंत असलेलं वाद्य विकता येतं, पण आधी नोंदणी करावी लागते. ते 1975 पूर्वीचं आहे हे दाखवायला बँडची जुनी वही आणि फोटोच कामी येतात.

वस्तूवरून माणसापर्यंत कसं पोचता येतं याचं सर्वांत मोलाचं उदाहरण जेम्स रिचर्डसनच्या पाइपांचं. कॅनडियन स्कॉटिश पलटणीचा हा पाइपर ऑक्टोबर 1916 मध्ये, पहिल्या महायुद्धात, फ्रान्समधल्या सोमच्या लढाईत मारला गेला. मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस हे सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. पाइप हरवले असंच सगळे धरून चालले होते. 1917 मध्ये एका लष्करी धर्मगुरूला चिखलाने माखलेले, मोडके पाइप मिळाले. त्याने ते स्कॉटलंडमधल्या आर्डव्रेक शाळेत नेले आणि तिथे ते दशकानुदशकं कोणाचे हे न कळता पडून राहिले. पिशवीवरचा टार्टनचा तुकडा लेनॉक्स टार्टनचा, हे ओळखलं गेलं तेव्हा धागा थेट त्या पलटणीपर्यंत गेला. 2006 मध्ये ते पाइप कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात परत पोचले. हे कळल्यापासून आम्ही पिशवीचं जुनं कव्हर, तुटकी दोरी, झिजलेला रिबन यांतलं काहीही टाकू देत नाही. पाइप स्वच्छ करण्याआधी आहेत तसे सगळ्या बाजूंनी फोटो काढायचे, सुटलेला प्रत्येक तुकडा वेगळ्या पाकिटात ठेवायचा आणि पाकिटावर मऊ पेन्सिलने लिहायचं. बॉलपेनची शाई कागदातून उतरते, पेन्सिल उतरत नाही.

कॅसेट आणि टेप हा बँडचा एकमेव आवाज, म्हणून त्यांवर उड्या पडतात. इथे एक फसगत ठरलेली आहे. जुन्या टेपवर लो ए मोजला आणि तो 489 आला, तर बँड त्या काळी फार उंच पट्टीत वाजवत होता असा निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण टेप कोणत्या वेगाने रेकॉर्ड झाली आणि आपलं यंत्र कोणत्या वेगाने ती वाजवतंय, याची खात्री कुठे आहे? सभागृहातलं रेकॉर्डिंग विजेवर चालणाऱ्या यंत्रावर झालेलं असेल तर त्यात विजेची बारीक घुणघुण उतरलेली असते. ब्रिटनमध्ये ती 50 हर्ट्झला असायला हवी. संगणकावर स्पेक्ट्रम उघडून पाहिला आणि घुणघुण 52 ला सापडली, तर टेप 4 टक्के जास्त वेगाने धावते आहे. 489 ला 52 ने भागून 50 ने गुणलं की खरा सूर 470 निघतो. म्हणजे आजच्यापेक्षा खालचाच. ही घुणघुण फक्त शांत जागी ऐकू येते, निवेदक थांबतो तिथे किंवा सूर सुरू होण्याआधी. एकदा ड्रोन लागले की ती बुडते. मैदानावर बॅटरीच्या यंत्राने केलेल्या रेकॉर्डिंगमध्ये ती नसतेच. तिथे पट्टीबद्दल काही विधान करू नये.

टेप लावण्याआधी यंत्राचं हेड स्वच्छ करावं आणि टेप एकदा पूर्ण पुढे-मागे गुंडाळून घ्यावी. रेकॉर्डिंग 24 बिट, 48 किलोहर्ट्झ, वेव्ह फाइलमध्ये. एमपी3 वाटण्यासाठी ठीक, जपण्यासाठी नाही. फोटो 600 डीपीआयला, टिफमध्ये, आणि मागची बाजू पण स्कॅन करायची.

आता या सगळ्याचा गाभा: कोणी कोणाला शिकवलं. सामुदायिक बँड जगतो तो शिकवणीच्या खोलीत. नवशिका वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ छोट्या सरावाच्या चँटरवर बोटं बसवतो, मग पिशवी हाती येते, आणि त्यातले थोडेच टिकतात. शिकवणारा एक माणूस गेला आणि जागा भरली नाही की चार-पाच वर्षांनी बँड रिकामा होतो. चषक मात्र या मधल्या वर्षांतही येत राहतात, म्हणून पडझड कोणाला दिसत नाही. शिकवणाऱ्यांची आणि शिकणाऱ्यांची वंशावळ मोठ्या कागदावर काढावी. फीची वही, बॉइज ब्रिगेडच्या तुकडीची हजेरी (मुलांची ही संघटना ग्लासगोत 1883 मध्ये सुरू झाली आणि कित्येक मुलांनी पहिला चँटर तिथे धरला), शाळेतले वर्ग, लष्करातून परतलेले पाइपर, असे धागे त्यात येतात. वंशावळ आणि जमाखर्चाची वही शेजारी शेजारी ठेवली की बँड कधी आणि का खाली आला ते आमच्या अनुभवाने बहुतेक वेळा उलगडतं.

त्यासाठी जुन्या वादकांशी बोलावं लागतं, आणि ‘त्या काळाबद्दल सांगा’ असं म्हटलं तर हमखास चषकांच्याच गोष्टी निघतात. हातात वस्तू द्यावी. चामड्याची पिशवी दिली की ती हवाबंद ठेवायला आत काय ओतायचे ते निघतं: कोणी मध म्हणतं, कोणी ट्रीकल (काळी काकवी), कोणी ग्लिसरीन. मग ते कोणाच्या स्वयंपाकघरात गरम करायचे, कोणी शिकवलं, पिशवी किती दिवस मळायची, हे आपोआप येतं. रीड दिली की ती कोण तासून द्यायचं त्याचं नाव येतं, आणि हे नाव एकाही इतिवृत्तात नसतं. हस्तलिखित स्वरलिपी पुढे ठेवली तर वादक बोटांनी टेबलावर वाजवू लागतो. एखादा अलंकार कागदावर एक आणि बोटांत दुसरा निघाला तर दोन्ही नोंदवावेत, कारण पाइप मेजरने, म्हणजे पाइपरांच्या प्रमुखाने, तोंडी केलेला बदल फक्त तिथेच उरलेला असतो. ढोलांच्या लिपीतही काळ दिसतो. उजवा हात रेघेच्या वर आणि डावा खाली, अशी एका रेघेची लिपी स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या फ्रित्झ बर्गर यांच्या पद्धतीवरून आली आणि विसाव्या शतकाच्या मध्यानंतर स्कॉटिश ढोलवादनात रुजली. पाच रेघांवर लिहिलेला कागद त्यामुळे बहुधा जुना, किंवा जुन्या वळणाच्या हातचा. मुलाखतीआधी लेखी संमती घ्यावी, आणि हयात माणसांची माहिती छापण्याआधी त्यांना दाखवावी.

स्पर्धांचे निकाल तपासताना तीन गोष्टी लक्षात ठेवल्या की पुरे. आज चार परीक्षक असतात: दोन पाइपांचे, एक ढोलांचा, एक एकूण मेळाचा. त्यांनी दिलेल्या क्रमांकांची बेरीज सगळ्यात कमी तो पहिला. जुन्या बातम्यांत मात्र गुणांची बेरीज असते आणि तिथे जास्त तो वर. दोन्ही एकाच तक्त्यात घातले तर निकाल उलटे होतात. दुसरी गोष्ट ‘जागतिक विजेते’ या शब्दांची. स्कॉटिश पाइप बँड असोसिएशन 1930 मध्ये स्थापन झाली आणि तिचं जागतिक अजिंक्यपद 1947 पासूनचं. त्याआधी डनूनच्या काउआल मेळाव्यातली, 1906 मध्ये सुरू झालेली स्पर्धा जिंकणाऱ्याला तसं म्हणत. दुसऱ्या महायुद्धापूर्वीचा असा दावा खोटा नसतो, पण कोणती स्पर्धा ते लिहायला हवं. तिसरी, असोसिएशनच्या नावात ‘रॉयल’ आलं 1980 मध्ये, त्यामुळे तारीख नसलेल्या पत्रावर वरचं नाव पाहिलं तरी पत्र 1980 च्या आधीचं की नंतरचं ते कळतं.

एवढं झाल्यावर स्थापनेचं साल. ते एक नसतं. गावकऱ्यांची सभा झाली ते एक, वाद्यांचं पहिलं बिल दुसरं, पहिली मिरवणूक तिसरं, असोसिएशनकडे नोंदणी चौथं. शिवाय महायुद्धांत बँड बंद पडतो आणि नंतर उठतो तो तोच की नवा? नावं बदलतात तेव्हा प्रश्न आणखी गुंततो. 1883 मध्ये गोव्हनच्या पोलिसांनी सुरू केलेला बँड 1912 मध्ये गोव्हन ग्लासगोत विलीन झाल्यावर ग्लासगो शहर पोलिसांचा झाला, 1975 मध्ये स्ट्रॅथक्लाइड पोलिसांचा. तिथे वादक आणि वाद्यं अखंड चालत आली, म्हणून 1883 हे साल टिकतं. हीच कसोटी आम्हाला योग्य वाटते. नाव बदललं तरी चालेल, पण शिकवणीची साखळी आणि वाद्यांची मालकी यांतलं एक तरी पुढे आलेलं असावं. दोन्ही तुटलं असेल तर ‘पुन्हा स्थापन’ असं स्पष्ट लिहावं. चारही सालं पुराव्यासह द्यावीत आणि बँडला कोणतं साजरं करायचं ते बँडने ठरवावं.

पहिल्या प्रकरणात बॅगपाइपवर 1746 च्या कायद्याने बंदी आली होती असं लिहायची फार सवय आहे. त्या कायद्यात हत्यारांचा आणि हायलंड, म्हणजे स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या, पोशाखाचा उल्लेख आहे, बॅगपाइपचा नाही. पाइप आणि ढोल एकत्र असलेला बँडही काही प्राचीन नव्हे. 1854 मध्ये ब्रिटिश लष्कराने हायलंड पलटणींत पाइप मेजर आणि पाच पाइपर अधिकृत केले, ढोलांशी त्यांची जोड पक्की झाली ती त्या सुमाराला, आणि गावांचे, पोलिसांचे, खाणींचे बँड आले ते त्यानंतर. गावच्या बँडला इतकी वर्षं पुरेशी मोठी आहेत.

भांडणं गाळू नयेत. बँड फुटतो, अर्धे वादक शेजारच्या गावात जातात, काही वर्षांनी परततात. इतिवृत्तात राजीनाम्याची तारीख आणि नावं असतील तेवढीच द्यावीत, हेतू लिहू नये. दोन्ही बाजूंचे लोक हयात असतील तर दोघांच्या आठवणी शेजारी शेजारी, न जुळवता छापाव्यात.

छापील पुस्तकाची आणि सगळ्या स्कॅनची एक प्रत स्थानिक ग्रंथालयाकडे द्यावी, मूळ कागद आम्लरहित पेट्यांत ठेवावेत आणि यादीची प्रत सचिवाखेरीज आणखी एकाकडे असावी, कारण सचिव बदलताना पेट्या हरवतात. चालू वर्षाचं दप्तरही आत्ताच लावायला घ्यावं. हंगाम संपला की परीक्षकांचे शेरे, त्या वर्षीच्या सुरांच्या आणि ढोलांच्या लिपी, लो ए कितीवर लावला तो आकडा, रीड आणि चँटर कोणाचे, आणि एक सामूहिक फोटो. फोटोच्या मागे त्याच दिवशी नावं लिहायची, पाहणाऱ्याच्या डावीकडून, मागची रांग आधी, आणि प्रत्येक नावापुढे त्याला कोणी शिकवलं ते.